बोर्डोची रिव्हर क्रूझ: बागायतदारांनी जरूर जावं, पण भरती-ओहोटी स्वतः बघून

फ्रान्समधल्या बोर्डोच्या नद्यांवरची आठवडाभराची क्रूझ घ्यावी का, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर सरळ आहे. तुमची स्वतःची बाग असेल, वाडी असेल, जमिनीतून काही पिकवून ते विकायची धडपड तुम्ही केली असेल, तर पैसे साठवा आणि एकदा जरूर जा. नुसती वाईन चाखायची हौस असेल तर बोटीवर एवढा खर्च कशाला? बोर्डो शहरात खोली घेऊन ट्राम आणि रेल्वेने फिरलात तरी ती हौस भागेल. आणि निळ्याशार पाण्यावरून निवांत तरंगत जायचं मनात असेल, तर बुकिंग करण्याआधी हे सगळं वाचा.

मी गुहागरची. घरामागे माडा-पोफळीची वाडी आहे, वर सड्यावर हापूसची कलमं आहेत. यंदा गणपती उरकल्यावर मी आणि माझ्या नणंदबाई, आमच्या वन्सं, अशा दोघी गेलो. पितृपक्षात आमच्याकडे पक्ष असतो, त्यासाठी हे घरीच थांबले. वन्सं चिपळूणला शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त आहेत. त्या पूर्ण शाकाहारी, दारूला स्पर्श नाही, आणि दोन्ही गुडघे दुखरे. हे आधीच सांगते, कारण अशा माणसाने या सहलीला जावं का, हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे.

बोटीच्या कंपनीचं नाव घालत नाही. या मार्गावर अनेक कंपन्यांच्या बोटी चालतात आणि कार्यक्रम थोड्याफार फरकाने सारखाच असतो: बोर्डोहून निघायचं, गारोन नदीने वर कादियाकला, मग खाली येऊन दोर्दोन्य नदीने लिबूर्नला, तिथून ब्लाय, पलीकडच्या काठाला पोयाक, आणि परत बोर्डो. विमान, व्हिसा, विमा आणि क्रूझ धरून माणशी चार लाखांच्या वर गेले. मुंबईहून पॅरिस, तिथून वेगवान रेल्वेने साधारण दोन तासांत बोर्डो. रेल्वेचा तो प्रवास सुखाचा आहे, त्यासाठी दुसरं विमान पकडू नका.

आता मी का गेले ते सांगते. आमच्या भागात ज्याच्याकडे पोफळी आहेत त्याच्या पडवीत मे महिन्याच्या शेवटी मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना येऊन पडलेला असतो. पावसाळ्यात पोफळीच्या शिपुटांना कोळे रोग लागतो, कोवळी सुपारी काळी पडून गळते. त्यावर आजही पहिला उपाय म्हणजे एक टक्का बोर्डो मिश्रण: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवायचं, एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतायचं, भांडं लोखंडाचं चालत नाही. मग विळ्याचं पातं बुडवून बघायचं. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडला. हे मी सासूबाईंकडून शिकले. त्यांना हे मिश्रण कुठून आलं ते माहीत नव्हतं, मलाही बरीच वर्षं नव्हतं.

ते आलं बोर्डोच्या मेदॉक भागातून. १८७८ च्या सुमारास फ्रान्समध्ये द्राक्षांवर केवडा रोग शिरला आणि वेली उघड्या पडू लागल्या. मेदॉकमधले काही बागायतदार रस्त्याकडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचं पाणी शिंपडायचे. रोगासाठी नव्हे, येणारा-जाणारा द्राक्षं तोडून खायचा, ती विषारी दिसावीत म्हणून. बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ पिएर-मारी-अलेक्सिस मिलार्दे यांनी १८८२ मध्ये सेंत ज्युलियां गावच्या द्युक्रू-बोकायू या शातोच्या, म्हणजे वाईन करणाऱ्या वाड्याच्या, बागेतून जाताना पाहिलं, की रस्त्याकडेच्या निळसर वेलींना पानं आहेत आणि आतल्या ओळी झडल्या आहेत. त्यांनी रसायनशास्त्राचे प्राध्यापक उलिस गायों यांना बरोबर घेऊन प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मिश्रणाची कृती जाहीर केली. आमच्या वाडीतली किती सुपारी त्या एका नजरेमुळे वाचली असेल! मला ती जागा बघायची होती.

क्रूझने ती दाखवली का? नाही. पोयाकहून आमची बस मेदॉकच्या शातोंच्या रस्त्याने गेली, सेंत ज्युलियां गावातूनच गेली, आणि गाइड त्या वेळी बाटल्यांच्या किमती सांगत होती. मी पुढे जाऊन तिला विचारलं. तिला मिलार्देंची गोष्ट माहीत होती, अगदी नीट माहीत होती, पण "प्रवाशांना शेतीच्या औषधांमध्ये रस नसतो" म्हणून ती सांगत नाही म्हणाली. मग मी आग्रह धरल्यावर तिने माइकवर सगळ्यांना सांगितली, आणि नाशिकच्या एका जोडप्यासकट बसमधले चार-पाच जण नंतर तिच्याशी त्याच विषयावर बोलत राहिले. माझी पहिली सूचना कंपनीला हीच आहे, आणि मी ती अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहून दिली आहे: लोकांना रस नसतो हे आधीच ठरवू नका.

पण त्या दिवशी ज्या शातोमध्ये नेलं, तिथे जे बघायला मिळालं त्याने सगळं भरून काढलं. बागेत तोडणी चालू होती. मर्लो जातीची द्राक्षं आधी पिकतात, ती उतरून झाली होती. कॅबर्ने सोव्हिन्यों अजून वेलीवर होती. मेदॉकची जमीन म्हणजे नुसते गोटे. नदीने आणून टाकलेली खडी, हाताच्या मुठीएवढे गुळगुळीत दगड, त्यात वेली. कॅबर्नेला हेच मानवतं, कारण पाणी साचत नाही आणि दगड ऊब धरून ठेवतात. दोर्दोन्यच्या बाजूला चिकणमाती आणि चुनखडी, तिथे मर्लोचं राज्य. आमच्याकडे कातळावरचा आंबा आणि मळ्यातला आंबा यात जो फरक पडतो तो मला कुणी समजावून सांगायला नको होता, इथे तोच हिशेब दुसऱ्या पिकाला लावलेला दिसला.

तिथल्या मजुरांच्या मुकादमाने मला वेलीच्या बुंध्याशी वाकून बघायला सांगितलं. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला गाठ होती. ते कलम. खालची मुळं अमेरिकन वेलीची, वरचा भाग फ्रेंच. १८६० नंतर अमेरिकेतून फिलॉक्सेरा नावाचा मुळं खाणारा बारीक किडा आला आणि फ्रान्समधल्या बागा धडाधड बसल्या. अमेरिकन मुळांना तो फारसं काही करू शकत नाही, म्हणून त्यावर कलमं बांधून सगळी लागवड नव्याने उभी केली. मी त्याला फोनवर आमच्या कलमाचा फोटो दाखवला, रायवळ कोयीच्या रोपावर बांधलेला हापूस. त्याने फोटो मोठा करून सांध्याची जागा शोधली, अंगठ्याने दाखवली आणि हसला. त्याला इंग्रजी येत नव्हतं, मला फ्रेंच येत नाही. पानांवर निळसर डाग होते. मी बोटाने पुसून बघितला. तोच, आमच्या बोर्डो मिश्रणाचा. सेंद्रिय बागांमध्ये तांब्याची औषधं अजून चालतात, पण युरोपात त्यावर बंधन आहे: सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांबं, त्यापुढे नाही, कारण ते मातीत साठत जातं. हे ऐकून मी गप्प झाले. आमच्या वाडीत किती वर्षांचं साठलं असेल याचा मी कधी विचार केला नव्हता. माती तपासून घेणार आहे.

त्या शातोत आम्हाला मिळाला जेमतेम पाऊण तास, आणि त्यातला अर्धा वेळ दुकानात. ही क्रूझची खरी खोट आहे. बागेत वेळ कमी, टेबलाशी वेळ जास्त.

वाईन चाखण्याबद्दल थोडक्यात. कोवळी मेदॉक वाईन जिभेला कच्च्या सुपारीसारखी तुरट लागते, आणि ज्यांना सुपारीची सवय आहे त्यांना ती लवकर कळते असं माझं मत झालं. ओक लाकडाची २२५ लिटरची पिंपं असतात, एका पिंपात तीनशे बाटल्या. वाईन त्यात वर्ष-दीड वर्ष मुरते. प्रत्येक ठिकाणी थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, न पिता नुसतं तोंडात घोळवून टाकलंत तरी कुणी वाईट मानत नाही. वन्सं फक्त वास घ्यायच्या आणि त्यांना सांगता यायचं की ही जुनी आणि ही नवी. एक गोष्ट कट्टर शाकाहारी वाचकांसाठी: बोर्डोमध्ये लाल वाईनचा गाळ खाली बसवायला अंड्यातला पांढरा बलक वापरायची जुनी पद्धत आहे आणि अनेक ठिकाणी ती चालू आहे. विचारून घ्या, ते खरं सांगतात. उरलेल्या पिवळ्या बलकातून तिथली कानले नावाची मिठाई निघाली असं सांगतात. तांब्याच्या छोट्या साच्यांत भाजलेली, बाहेरून काळपट कडक, आतून मऊ, वर व्हॅनिला आणि रमचा वास. अंडं आणि रम चालत असेल तर ती सोडू नका.

मला मनापासून आवडली ती सोतेर्नची गोड वाईन, आणि त्याहून तिची बाग. कादियाकला बोट लागली की तिथून बसने नेतात. सिरों नावाची थंड पाण्याची छोटी नदी तिथे कोमट गारोनला मिळते, त्याने शरद ऋतूत सकाळी धुकं दाटतं, आणि त्या ओलाव्यात द्राक्षांवर बोट्रायटिस ही बुरशी धरते. दुपारच्या उन्हाने ती आटोक्यात राहते. बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं, साखर आणि वास उरतो. आयुष्यभर बुरशीशी भांडलेल्या बाईला ते घड बघताना पोटात गोळा आला: सुरकुतलेले, जांभळट तपकिरी, वर राखेसारखी लव. मग एक मणी तोंडात टाकला. मध, सुकी जर्दाळू, आणि मागून आंबटपणा. सगळे मणी एकदम तयार होत नाहीत, म्हणून मजूर त्याच ओळीतून पुन्हा पुन्हा फिरतात आणि तयार झालेलेच निवडून काढतात. शातो दिकेममध्ये एका वेलीपासून एक ग्लासभर वाईन निघते असं म्हणतात. किमतीचं आश्चर्य वाटायचं त्यानंतर थांबलं.

आता पाणी. जाहिरातीत नदी निळी आहे. प्रत्यक्षात गारोन, दोर्दोन्य आणि त्या दोघी मिळून झालेली जिरोंदची खाडी चहाच्या रंगाची आहे, बाराही महिने. भरतीचं खारं पाणी आणि नदीचं गोडं पाणी भिडतं तिथे गाळ तरंगत राहतो, खाली बसत नाही. काही प्रवासी यावर नाराज होते. मला तर दाभोळच्या खाडीत धोपाव्याहून फेरीबोटीत बसल्यावर जे पाणी दिसतं तेच दिसत होतं, त्यामुळे तक्रार नव्हती. पण जाहिरात खोटी आहे, हे लिहायलाच हवं.

आणि ही नदी म्हणजे खाडीच आहे हे कंपनी कुठेही ठळकपणे सांगत नाही, ही माझी मोठी तक्रार. बोर्डो शहर समुद्रापासून शंभरेक किलोमीटर आत आहे, तरी तिथे भरती येते आणि उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. याचा परिणाम सगळ्या सहलीवर होतो. बोर्डोत १८२२ साली पुरा झालेला सतरा कमानींचा दगडी पूल आहे. त्याखालून बोट जायची तर पाणी फार चढलेलं चालत नाही, फार उतरलेलंही चालत नाही. म्हणून कादियाकला निघायची वेळ पहाटेची झाली आणि आम्हाला ती आदल्या रात्री जेवताना कळली. लिबूर्नला पोचायला उशीर झाला, तिथला फेरफटका आखडला. धक्के तरंगते आहेत, बोट पाण्याबरोबर वर-खाली होते, पण तरंगत्या धक्क्यावरून काठावर जाणारा पूल ओहोटीला इतका उभा होतो की वन्संना दोन्ही बाजूंनी धरावं लागलं. त्याच पुलावरून चार तासांनी त्या एकट्या चालत आल्या. वेळ माहीत असती तर आम्ही थांबलो असतो.

आमच्याकडे कालनिर्णयावर अमावास्या-पौर्णिमा बघून कोळी आणि वाडीवाले दोघेही आपलं गणित मांडतात. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी. तिथेही भरतीचं सरकारी वेळापत्रक असतं, आणि प्रत्येक भरतीला २० ते १२० पर्यंत एक आकडा दिलेला असतो. आकडा जितका मोठा तितकं उधाण जोरात. बोटीच्या कप्तानाच्या खोलीत ते टांगलेलं होतं. स्वागतकक्षात एक प्रत लावायला कागदाचा एक तुकडा लागतो. मी मागितल्यावर तिथल्या मुलीने लगेच छापून दिला, आनंदाने दिला, मग आधीच का लावत नाहीत?

त्या कागदामुळेच आम्हाला या सहलीतली सगळ्यात मोठी गोष्ट बघायला मिळाली. सर्वपित्री अमावास्या होऊन गेली होती आणि शरदातलं उधाण वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतं. अशा दिवसांत, नदीचं पाणी कमी असताना, भरती दोर्दोन्यमध्ये लाट होऊन शिरते. तिला मास्कारे म्हणतात. बोट लिबूर्नला होती, तिथून टॅक्सीने जवळच सेंत पार्दों नावाचा लहानसा काठ आहे. बोटीवर त्या संध्याकाळी मिठाई चाखण्याचा कार्यक्रम होता, तो सोडून आम्ही गेलो. काठावर गावातली माणसं मुलाबाळांसकट जमली होती, पाण्यात फळ्या घेऊन तरुण मुलं-मुली वाट बघत होती. ओहोटी संपत आलेली, पाणी समुद्राकडे ओढत होतं, चिखल उघडा पडलेला. आधी खालच्या वळणावरून आवाज आला, दगडी काठावर पाणी फुटल्याचा. मग नदीच्या सबंध रुंदीला एक आडवी रेघ दिसली. ती जवळ आली तशी तिच्यामागे दुसरी, तिसरी. फळ्यांवरची मुलं एकदम उभी राहिली आणि लाटेवर बसून आमच्या समोरून नदीच्या वरच्या अंगाला निघून गेली. क्षणभरापूर्वी डावीकडे वाहणारी नदी आता उजवीकडे वाहत होती, आणि काठावरचा चिखल बघता बघता बुडाला. वन्सं वाशिष्ठीच्या काठी वाढल्या, गोवळकोटपर्यंत भरती येते ते त्यांनी जन्मभर पाहिलं आहे. पण पाणी दबक्या पावलांनी चढतं, असं उभं राहून येत नाही. त्या मला हात धरून दाखवत राहिल्या. टॅक्सीचे पैसे जाऊन-येऊन फार झाले नाहीत, आणि हे कार्यक्रमात नाही याचं मला अजून नवल वाटतं.

सेंत एमिलियों गाव सुंदर आहे, १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि आठव्या शतकातल्या एका साधूच्या गुहेभोवती वाढलं. एकाच चुनखडीच्या कातळात कोरलेलं प्रचंड चर्च तिथे आहे. दगड रचत उभारलेलं नाही, आतून पोखरत गेलेलं आहे. वेरूळ पाहिलेल्या माणसाला त्यामागची मेहनत कळते. पण गुडघे दुखत असतील तर जपून. गल्ल्या उभ्या उताराच्या आणि गोलगोल दगडांच्या, मध्ये धरायला लोखंडी कठडा आहे तेवढाच आधार. वन्सं वरच्या चौकात बसून राहिल्या आणि तिथल्या बदामाच्या बिस्किटांची पुडी संपवली. त्या खूश होत्या.

ब्लायचा किल्ला लवकर आटपतो, पण जरूर बघा. वोबां या फ्रेंच लष्करी अभियंत्याने सतराव्या शतकाच्या शेवटी तो बांधून घेतला. खाडी इथे इतकी रुंद की एका काठावरच्या तोफेचा गोळा पलीकडे पोचत नव्हता, म्हणून मधल्या बेटावर एक बुरूज आणि समोरच्या काठावर आणखी एक किल्ला, असे तिघांनी मिळून पाणी अडवलं. हर्णैचा सुवर्णदुर्ग आणि काठावरचे त्याचे सोबती ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे नकाशाशिवाय समजेल. ब्लाय २००८ मध्ये वारसा यादीत गेला, सुवर्णदुर्ग २०२५ मध्ये. ब्लायला तटावर स्वच्छतागृह, पाटी, बाक, सगळं आहे. आपल्याकडे हे व्हावं अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

काठाने कार्रले दिसतात: लाकडी खांबांवर उभ्या छोट्या खोल्या, पुढे चौकोनी जाळं लटकवलेलं. पोयाकजवळ एक म्हातारे गृहस्थ हातरहाट फिरवून जाळं खाली सोडत होते. जाळं वर आलं तेव्हा त्यात चिंबोरीएवढा एक खेकडा आणि थोडी पांढरी कोळंबी होती, कोळंबी त्यांनी ठेवली आणि खेकडा परत सोडला.

आर्काशोंची सहल जादा पैशांची आहे आणि मासे खाणाऱ्यांनी घ्यावीच. तिथे कालवांची शेती चालते. कालवांची पिल्लं धरायला कौलांना चुना फासून पाण्यात ठेवतात, पिल्लं त्यावर बसतात, मग खरवडून जाळीच्या पिशव्यांत घालून वाढवतात. खाण्याजोगी व्हायला तीनेक वर्षं लागतात. आम्ही कालवं कातळावरून काढून आणतो, वाटप लावून शिजवतो. तिथे नुसतं लिंबू पिळून कच्ची, जिवंत खातात. मी खाल्ली. समुद्राची चव थेट येते. तरी कालवांचं सुकं मला जास्त प्रिय, आणि ते बदलणार नाही.

शाकाहारी जेवणाचं खरं काय ते सांगते. मुंबईतल्या ज्या एजंटाकडून आम्ही बुकिंग केलं, त्याने "रोज भारतीय शाकाहारी जेवणाची सोय आहे" असं तोंडी सांगितलं होतं. बोटीवर अशी कोणतीही नोंद पोचली नव्हती. पहिले दोन दिवस वन्संना मशरूम, चीज, पुन्हा मशरूम. तिसऱ्या दिवशी मी बल्लवाचार्यांना भेटायचं म्हटलं. ते स्वतः बाहेर आले, ऐकून घेतलं, आणि त्या रात्रीपासून वन्संच्या ताटात मऊ भात, वाफवलेल्या भाज्या, एकदा तर मसुराची आमटी होती, जिरं घालून. वन्संनी सोबत नेलेलं मेतकूट त्यांना चाखायला दिलं, त्यांनी ते बटाट्यावर भुरभुरून बघितलं. बोटीवरच्या माणसांबद्दल माझी एकही तक्रार नाही. खोल्या आवरणारी मुलगी वन्संच्या गुडघ्यांसाठी न सांगता गरम पाण्याची पिशवी ठेवायची. एजंटाकडून मात्र जेवणाचं, खोलीचं, सगळं लेखी घ्या आणि बोटीच्या कंपनीला थेट ईमेलही टाका.

खोली खालच्या मजल्यावरची घेतली, खिडकी न उघडणारी, पाण्याच्या जरा वर. दिवसभर बाहेरच असतो, त्यामुळे स्वस्तातली चालते. फक्त काही धक्क्यांवर शेजारी दुसरी बोट येऊन लागते आणि खिडकीत तिचा पत्रा दिसतो. वरच्या मजल्याची महाग खोली घेतलेल्यांचीही त्या वेळी तीच गत होती, म्हणून जादा पैसे देताना विचार करा.

एक गोष्ट क्रूझच्या कुठल्याच भाषणात नव्हती, ती मी खिडकीतून पाहिली आणि नाशिकच्या त्या जोडप्याने दुजोरा दिला. काठाने मध्येच मोकळे तुकडे दिसतात, उपटलेल्या बुंध्यांचे ढीग. बोर्डोची साधी लाल वाईन खपत नाही, फ्रान्समध्ये लोक आधीइतकी पीत नाहीत, चीनची मागणी घटली; म्हणून २०२३ पासून सरकार हेक्टरी अनुदान देऊन वेली काढायला लावत आहे. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी शातोंची जी प्रतवारी ठरली, ती आजपर्यंत जवळपास तशीच आहे. १९७३ मध्ये मूतों रॉत्शील्ड दुसऱ्या प्रतीतून पहिल्या प्रतीत गेला, एवढाच मोठा बदल. त्या यादीतल्यांना ग्राहक आहेत. यादीबाहेरच्या हजारो लहान बागायतदारांचं काय, हे विचारल्यावर गाइडने आवाज खाली आणून सांगितलं की तिच्या चुलत्यांनी अर्धी बाग काढली. मोठ्या शातोंची वाईन बाटलीत भरायच्या आधीच, वसंतात पिंपात असतानाच व्यापारी विकत घेऊन ठेवतात. आपल्याकडे मोहोरावरच बाग देऊन टाकणारे किंवा वाशीच्या दलालाची उचल घेणारे आंबेवाले हे लगेच ओळखतील. फरक एवढाच, की तिथे बाटलीवर गावाचं नाव लावायचं तर जात कोणती, उतारा किती, पिकलं कुठे, सगळ्याचे नियम १९३० च्या दशकापासून कायद्याने बांधलेले आहेत आणि तपासले जातात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मार्केटमध्ये दुसरीकडचा आंबा रत्नागिरीच्या पेटीत भरलेला मी दरवर्षी बघते. कंपनीने या विषयावर एखाद्या लहान बागायतदाराला बोटीवर बोलावून तासभर बोलू दिलं, तर शातोच्या दुकानातल्या अर्ध्या तासापेक्षा प्रवाशांना जास्त मिळेल. तेही मी फॉर्मवर लिहिलं आहे.

जायचंच ठरवलंत तर सप्टेंबरचा शेवट किंवा ऑक्टोबरची सुरुवात धरा, तोडणी बघायला मिळते. तारीख पक्की करण्याआधी कालनिर्णय उघडा: लाट बघायची असेल तर अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस बोट लिबूर्नला असेल अशी तारीख घ्या, बरोबर गुडघेदुखीचं माणूस असेल आणि लाटेचं वेड नसेल, तर अष्टमीच्या आसपासची घ्या, धक्क्यावरचे पूल कमी उभे राहतील. बोर्डोत शेवटचा दिवस मोकळा मिळतो. तेव्हा ट्रामने वाईनच्या संग्रहालयाला जा, तिकिटातच सगळ्यात वरच्या मजल्यावरून शहर बघायला मिळतं आणि न पिणाऱ्यांना द्राक्षाचा रस देतात. वन्संनी तो दोनदा मागून घेतला.